‘सतरा खोल्या’ बघणाऱ्या बाईला काय द्यावं

९ नोव्हेंबर
दुकानातून

चि. खटक्या,

तुझं पान वाचलं. समोरचा न्हावी ते साप्ताहिक घेतो. त्याच्याकडून मागून आणलं आणि शटर अर्धं ओढून वाचलं. ‘सुट्टीत काय भेट द्याल? सतरा खोल्या मालिकेच्या चाहत्यांसाठी खास!’ आणि खाली तुझं नाव. न्हाव्याला म्हटलं, ही माझी लेक. तर म्हणतो, मग या सोनेरी काठाच्या कपबश्या तुम्हाला फुकटच मिळत असतील. लेक छापील कागदावर आली की बापाच्या घरी ट्रक रिकामा होतो, अशी लोकांची समजूत आहे.

फोन का केला नाही म्हणशील. फोन घरात आहे, फोनशेजारी तुझी आई आहे, आणि मला हल्ली कमी ऐकू येतं म्हणून मी ओरडून बोलतो. गुपित राखायचं तर पत्रच बरं.

तर विषय तुझ्या आईचा. ती ती मालिका बघते. बघते म्हणजे काय, गुरुवारी सात वाजले की मागच्या खोलीत शिवणाच्या मशीनवर कापड टाकून बसते, मग कोणी हाक मारा नाहीतर दार वाजवा. सुरुवातीला मीही एकदा बसलो होतो. बग्ग्या, कंदील, पायघोळ झगे, सगळं जुन्या काळचं. आणि मालकिणीच्या दाराला कुलूप कसलं, तर मुठीतच किल्लीचं भोक असलेलं! अगं, ते कुलूप बाजारात आलं तेव्हा त्या मालकिणीची नातवंडं म्हातारी झाली असतील. मी एवढंच बोललो. आई म्हणाली, तुम्ही खाली जा. तेव्हापासून तो तासभर मी खाली दुकानात बसतो.

हात थरथरायला लागल्यापासून मी दुपारीच दुकान बंद करतो, हे तुला ठाऊक आहे. किल्ल्या घासायचं, कानशीचं बारीक काम आता होत नाही. बाकी दिवस घरीच, तिच्या मागेमागे. भाजी चिरून देतो, कात्र्यांना धार लावतो, तिची गिऱ्हाइकं आली की बसवून घेतो. आणि ती मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली आहे. पूर्वी भांडायची तरी. आता न्हाणीघरात गुणगुणते तेवढाच काय तो तिचा आवाज. आपल्या घरात दारांना कड्या नाहीत, म्हणून आत गेलं की गुणगुणायचं हा आपला जुना नियम. पण तिचा गळा गोड आहे. मी कधीकधी बाहेर उभा राहून ऐकतो.

मालिका वर्षअखेरीला संपणार म्हणे. सुट्टीत तिला असं काहीतरी द्यावं की तिचा चेहरा फुलला पाहिजे. तू सगळ्या जगाला सल्ला दिलास, आता बापाला दे.

तुझा,
बाबा


१७ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

पाकिटावरचं अक्षर बघून मी आधी घाबरलेच. हात थरथरतो हे तुम्ही सांगता त्यापेक्षा अक्षर जास्त सांगतं. औषध घेताय ना?

आता एक कबुली. मी त्या मालिकेचा एकही भाग पाहिलेला नाही. संपादकबाईंनी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं आणि संध्याकाळी पान द्यायचं होतं. कंपन्यांनी पाठवलेली चित्रं टेबलावर पसरली आणि प्रत्येकाखाली दोन-दोन गोड ओळी लिहिल्या. ‘तुमच्या आवडत्या व्यक्तीच्या संध्याकाळी उजळतील’ वगैरे. तुम्ही ते न्हाव्याच्या दुकानातून मागून आणून वाचलंत, याची मला लाज वाटली.

कपबश्या आणू नका. आई त्या पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात ठेवील आणि पाहुण्यांना नेहमीच्याच कपातून चहा देईल. मालकिणीसारखी शाल मिळते, ती बरी. मालिकेच्या चित्रांचं एक पुस्तकही आहे. मालिकेतली कारभारीण कमरेला लावते तसा किल्ल्यांचा जुडगा मी फक्त पान भरायला टाकला होता. पत्र्याच्या किल्ल्या आहेत, एकही कुठे लागत नाही. तुमच्यापुढे त्याचं नावही काढू नये.

आधी तिला मालिकेत कोण आवडतं ते काढून घ्या. पण सहज विचारा. तुमचं सहज कसं असतं ते मला माहीत आहे.

आणि गंमत सांगते. इथे माझ्या न्हाणीघराला चांगली भक्कम कडी आहे, तरी मी आत गेले की गुणगुणते. शेजारीण विचारते, रोज सकाळी एवढी कसली खुशी असते गं तुला.

तुमची,
खटका


२८ नोव्हेंबर
दुकानातून

चि. खटक्या,

सहज विचारलं. ती कापड बेतत होती, मी कात्री घेऊन शेजारी उभा होतो. म्हटलं, त्या मालिकेत तुला कोण आवडतं? तिने माझ्या हातातून कात्री काढून घेतली आणि म्हणाली, कारभारीण. मी म्हटलं, मालकीण नाही? दागिने, बग्गी, दाराशी नोकर? तर म्हणाली, “कारभारणीला खोली आहे.”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. त्या घराला सतरा खोल्या, आणि आपल्याला दोन खोल्या नि स्वयंपाकघर, खाली दुकान. इतक्या वर्षांत ती जागेबद्दल एका शब्दाने बोलली नाही, पण मनात असणारच की. लग्नात मी म्हणालो होतो, पुढे मोठं घर घेऊ. ते ‘पुढे’ काही आलं नाही. मी लोकांच्या मोठमोठ्या घरांची दारं उघडून देत राहिलो आणि संध्याकाळी याच दोन खोल्यांत परत येत राहिलो.

गवंड्याला विचारलं, गॅलरी बंद करून खोली काढता येईल का. तो म्हणाला, अर्धी खोली निघेल, पण मग कपडे कुठे वाळत घालणार? तोही प्रश्नच आहे. तू सांगितलेली शाल आणली होती. तिने घडी मोडली, हात फिरवला, आणि थंडी तुम्हाला वाजते म्हणून माझ्याच खांद्यांवर टाकली. ती पांघरूनच हे लिहितो आहे. न्हावी म्हणतो मी राणीसाहेब दिसतो.

नंतर पुन्हा विचारलं, कारभारीण त्या खोलीत करते तरी काय? आई म्हणाली, काही नाही. सगळ्या खोल्यांना कुलपं लावून झाली की जिन्याखालच्या तिच्या खोलीत जाते, दार लावते, बूट काढते आणि खुर्चीत बसते. तिथे भाग संपतो. आता यात बघण्यासारखं काय आहे, ते तूच शोधून काढ. तुझं डोकं शिकलेलं आहे.

बाबा


४ डिसेंबर

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मी बसमध्ये दोनदा वाचलं आणि उतरायचा थांबा गेला.

तुम्ही मोठ्या घराचं मनाला लावून घेऊ नका. मला नाही वाटत आईला जागा हवी आहे. कारभारीण दिवसभर सगळ्यांचं करते आणि शेवटी एकटी खुर्चीत बसते. तिच्या खोलीत कोणी येत नाही. आईला ती का आवडते, हे यातच आलं की. तीही इतकी वर्षं दर गुरुवारी एकटीच बसते आहे, आणि तुम्ही खाली कुलपं पुसत बसता. तिने तेव्हा रागाने खाली जा म्हटलं आणि तुम्ही खरंच गेलात. बायका जा म्हणतात तेव्हा जायचं नसतं, बाबा.

वस्तू काही आणू नका. उरलेले भाग तिच्या शेजारी बसून बघा. कुलपांबद्दल अवाक्षर काढू नका. कोण कोणाचं काय लागतं ते तिला विचारा, ती सांगेल तेव्हा ऐका. हीच भेट. हे छापून आणता येत नाही, कारण ते कुठल्याही दुकानात मिळत नाही.

लिहिताना मलाच भरून आलं. तुम्ही दोघं एका सोफ्यावर बसलेले आहात असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आहे. मला इथे अंकाच्या कामातून सुट्टी मिळत नाही, नाहीतर मीही आले असते आणि मध्ये बसले असते.

तुमची,
खटका


१८ डिसेंबर
घरूनच

चि. खटक्या,

तू हुशार आहेस, मी उगाच नाही म्हणत.

दोन भाग झाले. पहिल्या गुरुवारी सात वाजता मी खाली गेलोच नाही. दार ढकलून आत आलो, तर दाराला आतून खुर्ची टेकलेली. ती पडली. आई दचकली. मी म्हटलं, आज मीही बघतो. तिने सोफ्यावरचं शिवण उचललं आणि मला जागा करून दिली. मला ऐकू येत नाही म्हणून तिने आवाज वाढवला. जाहिराती लागल्यावर चहा करून आणला. कोण कोणाचा भाऊ, कोणी कोणाचं मृत्युपत्र लपवलं, सगळं नीट समजावून सांगितलं. कुलपांबद्दल मी मूग गिळून बसलो. मालकिणीच्या दाराचा तो अपराध पुन्हा दिसला, तरी बोललो नाही.

शेवटी कारभारीण खोलीत गेली, दार लावलं, बूट काढले. मी आईकडे बघितलं तर ती उठून स्वयंपाकघरात गेली होती. मन भरून आलं असणार.

काल तर ती बराच वेळ इस्त्री करत होती. म्हणाली, तुम्ही बघा, मला नंतर सांगा. मग मी तिला जेवताना सगळं सांगितलं. खटक्या, मालिका बरी आहे गं. मला आता त्या धाकट्या सरदाराची काळजी लागून राहिली आहे. इतकी वर्षं मी मूर्खासारखा खाली बसलो. आता शेवटचा भाग राहिला, तो आम्ही दोघं मिळून बघणार. मी तिला सांगून टाकलं, ही कल्पना आपल्या खटक्याची. माझ्या पोटात काही राहत नाही.

बाबा


२७ डिसेंबर

खटक्या,

मी पत्र लिहिते आहे म्हणजे कोणी गेलं असं समजू नकोस. सगळे ठीक आहेत. हे खाली गेलेत, तेवढ्यात लिहिते.

शेवटचा भाग झाला. मी पाहिला नाही. तुझ्या बाबांनी पाहिला आणि मला सगळा सांगितला. कारभारीण म्हणे शेवटी किल्ल्या टेबलावर ठेवते आणि घर सोडून जाते. सांगताना त्यांचे डोळे भरले होते. मी तेव्हा भांडी पुसत होते.

तू चांगल्या मनाने सांगितलंस, मला माहीत आहे. पण मला विचारलं नाहीस. त्यांनी विचारलं तेव्हा मी धड सांगितलं नाही. म्हणजे चूक वाटून घ्यायची तर कोणाच्याच वाट्याला फारशी येत नाही.

तू लहान होतीस, नीट बोलतही नव्हतीस, तेव्हा मागच्या खोलीत जाऊन आतून कडी लावून घेतलीस आणि ती तुला काढता येईना. तुझे बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला कोणाचं तरी दार उघडायला गेले होते. आत तू रडतेस, बाहेर मी. शेवटी शेजाऱ्यांनी खिडकीची काच फोडली. ती तुझ्या हाताला लागली, तो व्रण अजून आहे बघ. हे घरी आले, तुझा हात बघितला, आणि पाणीही न पिता घरातल्या सगळ्या कड्या काढून टाकल्या. न्हाणीघराचीसुद्धा. तेव्हा मला बरंच वाटलं होतं. मग तू मोठी झालीस, नोकरीला गेलीस. कड्या परत बसवायचं राहून गेलं. मी म्हटलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी बसवल्या असत्या. पण कशाला हवी कडी, कोणापासून, असं विचारलं असतं. आता घरात आम्ही दोघंच. मग तुमच्यापासून, असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार होते?

गुरुवारचा तो तास माझा होता. दाराला खुर्ची टेकवायची, चपला काढायच्या, पाय स्टुलावर घ्यायचे. टीव्हीचा आवाज बारीक. अर्धा वेळ मी बघतही नसे. कोणी काही विचारत नाही, कोणाला काही द्यायचं नाही, एवढंच. कारभारीण दार लावी, ते मात्र बघायची.

मला त्यांचा कंटाळा आलेला नाही, तसं मनात आणू नकोस. हातातलं काम सुटल्यावर माणूस कुठे जाणार? पण माणूस मायेने शेजारी येऊन बसलं, तर त्याला ऊठ कसं म्हणायचं, ते मला आयुष्यात जमलं नाही. यातलं त्यांना काही सांगू नकोस. त्यांना वाटतं त्यांनी मला भेट दिली, आणि ते फार खूश आहेत.

तुझ्या पानावरचा तो किल्ल्यांचा जुडगा मला आवडला होता. यांनी न्हाव्याकडून आणलेल्या अंकातून चित्र कापून ठेवलं आहे.

आई


३१ डिसेंबर

आई,

तुझं पत्र मिळाल्यापासून माझं कामात लक्ष नाही. तुझ्याकडे एकच तास होता आणि तो मी इथे बसून, भरल्या डोळ्यांनी, दुसऱ्याला देऊन टाकला. हातावरचा व्रण मी लोकांना गंमत म्हणून दाखवते. त्याच्यापायी तुझं दार गेलं, हे मला कधी सुचलंच नाही. मला फार वाईट वाटतं आहे, आणि तू रागावली असतीस तर बरं झालं असतं असं वाटतं.

बाबांना मी काही सांगणार नाही. कडी मी माझ्या नावावर मागते आहे. तू फक्त नको म्हणू नकोस.

खटका


३१ डिसेंबर

प्रिय बाबा,

मला जानेवारीत रजा मिळाली, दुसऱ्या आठवड्यात येते. एक काम करून ठेवाल? मागच्या खोलीला आतून कडी बसवा, आणि न्हाणीघरालाही. मला इथे दार लावून राहायची सवय झाली आहे, त्याशिवाय झोप लागत नाही. कृपा करून कारण विचारू नका.

खटका


६ जानेवारी
दुकानातून

चि. खटक्या,

तुझी मागणी कळली. कडी बसवतो.

वाईट वाटलं ते लिहून टाकतो, नाहीतर तू आल्यावर तोंडावर बोलीन. लेक इतक्या महिन्यांनी घरी येणार आणि आईबापांवर आतून दार लावून झोपणार. मोठी झालीस, तुझं बरोबरही असेल. पण त्या दिवशी तू आत रडत होतीस आणि मी तिथे नव्हतो, ते मी अजून विसरलेलो नाही. माझ्या घरात माझ्या हाताने पुन्हा कडी लावायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. आईला सांगितलं तर ती मशीनच चालवत राहिली. तिलाही लागलं असणार.

ये लवकर.

बाबा


२९ जानेवारी
दुकानातून

चि. खटक्या,

तू पोचल्याचं कळलं. तू आणलेला तो पत्र्याचा जुडगा आईने मागच्या खोलीत, दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला टांगला आहे. मी त्या किल्ल्यांना नावं ठेवणार होतो, पण ती त्या कमरेला खोचून आरशात बघून हसली, तेव्हा गप्प बसलो.

काल गुरुवार. सात वाजता नवीन मालिका सुरू होणार होती. मला चटक लागली आहे, काय करू. मागच्या खोलीशी आलो तर दार बंद. ढकललं, हललं नाही. कडी लागलेली. आत टीव्हीचा आवाज नाही, मशीनचा नाही. आतून बंद झालेल्या दारासाठीच तर लोक मला बोलावतात. हात आपोआप खिशातल्या हत्याराकडे गेला.

मग म्हटलं, थांब, ती आता गुणगुणेल म्हणजे कळेल. कान दाराला लावून उभा राहिलो. फार वेळ उभा राहिलो. ती गुणगुणली नाही. खुर्ची तेवढी एकदा करकरली.

आणि मग कळलं, की आता गुणगुणायची गरजच नाही. खटक्या, तुझ्या आईला गाण्याची आवड कधी नव्हतीच. इतकी वर्षं ती आतून ‘येऊ नका’ म्हणत होती, आणि मी बाहेर उभा राहून कौतुकाने ऐकत होतो. ती खुर्ची दाराला टेकलेली होती, ती मी पाडली आणि आत जाऊन बसलो, हेही मग आठवलं. आठवून मला माझीच शरम वाटली.

मी खाली गेलो. दुकानात बसलो. जुन्या किल्ल्या होत्या, त्या पुसल्या. तासाभराने वर येऊन चहा टाकला. कडीचा आवाज झाला आणि ती बाहेर आली. तिचा चेहरा कसा होता म्हणून सांगू, मी नोव्हेंबरात तुझ्याकडे जसा मागितला होता तसा.

“खाली होतात?” ती म्हणाली.

“हो,” मी म्हटलं. “गुरुवारी मी खालीच असतो.”

तिने माझ्याकडे बघितलं आणि चहा घेतला.

ती कडी तुला नको होती, हे मला तू गेलीस त्याच दिवशी कळायला हवं होतं. कडीला मी तेल लावलं होतं, आणि तू गेल्यावर बघितलं तर थर तसाच होता, बोटाचा ठसासुद्धा नव्हता. तू बापाचं बोलणं खाल्लंस आणि गप्प राहिलीस. आईनेच शिकवलं असणार.

एक सांगायचं राहिलं. कडी बसवायला मी ड्रिल घेऊन वर गेलो होतो. हात थरथरतो म्हणून न्हाव्यालाही धरायला बोलावलं होतं. ड्रिल लागलंच नाही. चौकटीचा रंग जरा खरवडला तर जुनी भोकं जागच्या जागी होती. दर वेळी घर रंगवताना मीच त्यांच्यावरून ब्रश फिरवला होता. जुनी कडी दुकानातल्या डब्यात पडलेली होती, तिचे स्क्रूसुद्धा तेच बसले. न्हाव्याच्या हातातला चहा गरम होता तोवर झालं. एवढंच काम होतं गं.

बाबा